सुनांसाठी ठेवलेली जीप

सोलापूरच्या स्टँडवर हुमनाबादची बस लागली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, एक शाल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि पुण्याच्या संस्थेने दिलेला एक उपदेश होता. उपदेश असा, की तुम्ही तपासायला चाललेल्या नाही, शिकायला चालल्या आहात. जन्मभर शाळेत मास्तरकी केल्यावर मला कोणी असं म्हटलं की आधी म्हणणाऱ्याचीच शंका येते.

संस्थेचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दवाखाना, औषधं, पाणी या गोष्टी तालुक्याला असतात आणि माणसं खेड्यात असतात. मधलं अंतर कमी व्हावं म्हणून संस्था खेड्यांना छोटी अनुदानं द्यायची. काय हवं ते गावाने सुचवायचं, समिती नेमायची, थोडी वर्गणी काढायची; उरलेला भार संस्थेचा. कर्नाटकाच्या सीमेवरच्या बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतली काही गावं त्यांनी घेतली होती, कारण तिथे मराठी चालते. मला मराठी येते, मी निवृत्त आहे आणि प्रवासखर्चापलीकडे काही मागत नाही, एवढ्या तीन गुणांवर माझी नेमणूक झाली.

उमरगा मागे पडलं आणि हद्द ओलांडल्यावर बसच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड सगळं कानडी झालं. माती मात्र दोन्हीकडे काळीच होती. हुमनाबाद जवळ आलं तसा तिच्यात जांभ्याचा लाल रंग मिसळायला लागला. डिसेंबर होता. तूर वाळून उभी होती आणि वाऱ्यावर तिच्या शेंगा वाजत होत्या. उसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध असे चालले होते, जसं काही रस्ता कारखान्यानेच बांधलाय.

हुमनाबादला मी पहिला पराक्रम केला. पाटी वाचता येत नाही म्हणून लोकांच्या गर्दीचा अंदाज घेऊन बसमध्ये चढले आणि ती निघाली चिटगुप्प्याला. कंडक्टरला बेलगुंडी म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "अम्मा, बेलगुंडी उधर, तुम इधर काइकू बैठे?" मग बस थांबवून त्याने मला समोरून येणाऱ्या बसमध्ये स्वतः चढवून दिलं आणि तिथल्या कंडक्टरला बजावलं, "अम्मा को पढना नै आता, बराबर उतारो." उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी निरक्षर म्हटलं, आणि त्या जिल्ह्यापुरतं ते खरंच होतं.

बेलगुंडी हे दुबलगुंडीच्या बाजूचं लहान गाव. (गावांची आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. माझं भांडण त्यांच्याशी नाही, निदान एकट्या त्यांच्याशी नाही.) समितीचे अध्यक्ष शरणप्पा अण्णा फाट्यावर उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूती, खिशात गावातला पहिला मोबाइल. त्यांनी आधी घरी नेऊन जेवायला घातलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) आणि शेवटी हुग्गी (गव्हाची गोड खीर). चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते बघून त्यांच्या मंडळींनी हुग्गीवर आणखी तूप ओतलं. माणसं अतिशय चांगली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी फार चिडणार आहे.

जेवणानंतर आम्ही अनुदान बघायला गेलो. अनुदान म्हणजे एक जुनी जीप. बायकांना बाळंतपणासाठी तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर नेता यावं म्हणून घेतलेली. पंचायतीच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी होती. अण्णांनी ताडपत्री काढली. आत लख्ख गाडी, पुढे लिंबू-मिरची, बॉनेटवर हळदीकुंकू, मागच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून फाडलेलं नव्हतं.

"किती बायकांना नेलंत आजवर?" मी विचारलं.

"एक बी न्हाई," अण्णा अभिमानाने म्हणाले. "म्हणून तर नवी दिसायलीय."

मला वाटलं चेष्टा करतायत. "गावात बाळंतपणं झालीच नाहीत?"

"कशी व्हतील बाई? आमच्या सुना पहिल्या खेपेला माहेरी जातेत. पद्धतच हाय. दुसऱ्या-तिसऱ्याला घरीच व्हतंय, म्हातारी सुईण हाय. मग गाडीत कोण बसायलंय?"

"आणि तुमच्या लेकी? त्या येत असतील की इथे माहेरी."

"येतेत की. पण त्या दिलेल्या. त्यांचं गाव येगळं. गाडी बेलगुंडीच्या बायांची हाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात लबाडी नव्हती. लग्न झालं की बाई सासरच्या गावची, हे सूर्य पूर्वेला उगवतो तितकं त्यांना साधं होतं. गावात बायका किती, असं संस्थेने विचारलं तेव्हा पुरुषांनी बसून सुना मोजल्या. संस्थेतल्या शिकलेल्या लोकांनाही विचारावंसं वाटलं नाही की बाळंतपणाच्या वेळी ही सून असते कुठे. एखाद्या बाईला विचारलं असतं तर चूल फुंकता फुंकता तिने सांगितलं असतं. पण समितीत बाई नव्हती, आणि आमच्या पुण्याच्या बैठकीत ज्या होत्या त्या माहेर म्हणजे दिवाळीची सुट्टी एवढंच जाणणाऱ्या.

समोरच्या घरातली गंगुबाई आमचं बोलणं ऐकत दारात तूर पाखडत होती. मी पुण्याची आहे कळल्यावर तिने सूप खाली ठेवलं. "माझा ल्योक पुण्यात बांधकामावर हाय. दिसला का कधी?" पुणं मोठं आहे म्हटल्यावर तिची निराशा झाली. मग तिने विचारलं, पुढे कुठे जाणार. मी चिंचोळग्याचं नाव घेतलं.

"आगं बाई! माझी सून तिथंच हाय की. सविता. पहिलटकरीण हाय, दिवस भरत आलेत. आईकडं गेलीय." तिने आत जाऊन चिंचेचे गोळे आणले, गूळ-मीठ-जिरं घालून कुटलेले. "एवढं द्या तिला. लई आंबट खावं वाटतंय तिला. आन् म्हणावं, मातारी वाट बघायलीय, लेकरू घेऊन लवकर ये."

चिंचोळगा भालकी तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. तिथेही आमचं अनुदान होतं आणि तेही जीपचंच. एका गावाने जीप मागितली हे कळल्यावर दुसऱ्यानेही तीच मागितली होती. भालकीहून निघालेली बस उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे रखडत रखडत चालली. कारखान्याच्या फाटकाशी ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची एवढी मोठी रांग होती की लोक खाली उतरून रस्त्यावरच उसाची कांडी सोलत बसले. गळीत हंगामात इथे असंच असतं, असं शेजारची बाई म्हणाली, आणि मलाही एक कांडं दिलं. माझी दाढ हलली.

सविताचं घर गावाच्या कडेला होतं. बाप हटकर धनगर, कधीकाळी मेंढरं राखायचा. ती विकली, तो वारला, आणि आता भिंतीवर एक घोंगडं तेवढं उरलंय. थोरला भाऊ हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. घरात सविता आणि तिची आई कोंडाबाई. सविता विशीची, गोल चेहऱ्याची, हसरी पोर. गोळे बघताच तिने एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "सासूबाईच्या हातचाच हाय. आईला न्हाई जमत असा." कोंडाबाईने तिच्या पाठीत लटका धपाटा घातला. आम्ही तिघींनी ते गोळे बसल्या बसल्या संपवले.

मग माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. घोटे दिसत नव्हते, इतके सुजलेले.

"नर्सबाई येऊन गेली," कोंडाबाई म्हणाली. "रक्ताचा जोर वाढलाय म्हणती. घरी करू नका, कळा सुरू झाल्या की लगेच भालकीला न्या, एक घडी बी थांबू नका म्हणली. आता न्यायचं कसं बाई? यष्टी सकाळी एक आन् सांजच्याला एक. फाट्यावरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या समद्या उसाच्या टोळ्या वाहायल्यात."

"गावात जीप आहे ना?"

ती हसली. असं हसणं मी शाळेत पाहिलेलं नाही. "हाय की. समितीच्या अप्पाला इचारलं म्या. म्हणला, तुझी लेक दिलेली हाय, तिच्या गावाला जीप हाय. म्या म्हणलं, वर्गणी आमी देताव की. म्हणला, ती तुझ्या सुनंसाठी. आता माझी सून कुठं हाय? तिच्या आईकडं, लोहाऱ्याला. ती बी पोटुशीच."

दात आहेत तिथे चणे नाहीत, हे आपण दैवाला बोलतो. इथे दोन गावांनी वर्गणी काढून, समित्या नेमून, पुण्याहून पैसे आणून ते घडवलं होतं. बेलगुंडीत सविताच्या हक्काची जीप ताडपत्रीखाली होती आणि चिंचोळग्यात सविता होती.

चिंचोळग्याच्या समितीचे अध्यक्ष वैजनाथ अप्पा लिंबाच्या पारावर भेटले. त्यांनी मला लगेच खुर्ची आणवली, चहा मागवला. त्यांची जीप ताडपत्रीखाली नव्हती. ती लग्नाला, कारखान्याच्या सभेला, मंत्र्याच्या स्वागताला जाऊन आली होती. फक्त बाळंतपणाला गेली नव्हती. ड्रायव्हर इस्माईल बाजूला उभा होता. मी सविताचं सांगितलं.

"बाई, नियम तुमचाच हाय," अप्पा शांतपणे म्हणाले. "गावच्या माणसांसाठी सोय. दिलेली लेक गावची कशी? तिला न्ह्यावं तर उद्या समद्यांच्या लेकी येतेत. डिझेल कुणी घालायचं? भांडणं लागतेत."

"तिला नेलं नाही तर ती मरेल, अप्पा. नर्सने सांगितलंय."

"मरावं असं आमाला वाटतंय व्हय? आमच्याच अंगणात खेळलीय ती. पण एकट्यानं म्या कसं ठरवाव? गाव बसलं पायजे. एकमत झालं पायजे."

हा 'एकमत' शब्द मी त्या दौऱ्यात फार ऐकला. या गावात म्हणे पारावर बसल्याशिवाय आणि शेवटचा माणूस 'व्हय' म्हणाल्याशिवाय काही होत नाही. देवळाचा कळस, विहिरीचा गाळ, सगळं एकमताने. संस्थेला ही पद्धत इतकी आवडली होती की तिने अनुदान देताना तीच अट घातली.

मी पिवळ्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, "तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पुढच्या बैठकीत ठेवू. तोवर लवचिक राहा, पण नियम मोडू नका." फोनच्या काचेच्या खोलीत मी एकटीच होते, म्हणून जे बोलले ते कोणी ऐकलं नाही.

परत पारावर गेले आणि वर्गात बोलायचे तसं बोलले. पोरीच्या जिवाशी खेळू नका, नियम माझ्यावर टाका, पुण्याला मी उत्तर देईन. अप्पा ऐकून घेत होते. शेवटी हात जोडून म्हणाले, "तुमी पाव्हण्या. तुमचा शबूद कसा मोडावा? देऊ गाडी." इस्माईल मान हलवत म्हणाला, "मैं रात-दिन तयार हूं बाई." कोंडाबाईने माझ्या हातात दोन उकडलेली अंडी ठेवली. एवढं आश्वासन कुठल्याही पाहुण्याला पुरेसं वाटावं. मलाही वाटलं आणि मी पुढे निघाले.

गुलबर्ग्यावरून अफजलपूरकडे गेले. भीमेच्या काठी ऊस असा माजलेला की बसमधून नदी दिसेना, नुसता तिचा गार वारा लागे. त्या बाजूच्या एका गावाने अनुदानातून औषधांचं कपाट घेतलं होतं. कपाट उत्तम, आत औषधंही होती, काचेतून दिसत होती. किल्ली ज्याच्याकडे तो समितीचा सचिव कामासाठी भिवंडीला गेला होता आणि किल्ली त्याच्या करगोट्याला. कुलूप का तोडत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "परत आल्यावर त्याला वाईट वाटंल." तिथल्या एका आजीने मला सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट उपमा) खाऊ घातला आणि ताप उतरायची गोळी माझ्याकडेच मागितली. मी दिली. माझ्या मते त्या गावात संस्थेकडून मिळालेली ती एकच गोळी.

असेच आणखी दोन-चार थांबे झाले. ते सगळे लिहीत नाही, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं हे किती वेळा लिहायचं? दौरा संपवून उदगीरमार्गे घरी जायचं म्हणून मी परत भालकीला आले. स्टँडसमोरच्या हॉटेलात इस्माईल चहा पीत बसला होता. मला बघून उठला, पण जवळ येईना. मीच गेले. "सविता कशी आहे?"

"सविता है," तो म्हणाला. "बच्चा नै रहा बाई."

मग त्याने सगळं सांगितलं. मी निघून गेले त्याच आठवड्यात एका दुपारी सविताला कळा सुरू झाल्या. कोंडाबाई धावत पारावर आली. इस्माईल किल्ली हातात घेऊन उभा. अप्पा म्हणाले, बाईंना शब्द दिलाय, गाडी द्यायची. पण बसून ठरवू, म्हणजे मागनं कुणी बोलायला नको. माणसं बोलावली गेली. बसले. एक म्हणाला, माझ्या लेकीला गेल्या साली का दिली नाही? दुसरा म्हणाला, आधी लेकींची वर्गणी ठरवा. तिसरा रुसून उठून गेला, त्याला समजावून परत आणलं, कारण त्याच्याशिवाय एकमत कसं होणार?

"कोणी नाही म्हणलं का?" मी विचारलं.

"नै बाई, वोच तो. ना कोई नै बोला. सब लोगां हौ बोलने कोच बैठे थे."

इकडे पोरीला आकडी यायला लागली. तिच्या आईने वाट बघितली नाही. रस्त्याने चाललेला उसाचा ट्रॅक्टर आडवी होऊन थांबवला आणि शेजारच्या दोन बायकांच्या मदतीने तिला ट्रॉलीत उसावर घोंगडं टाकून निजवलं. थोड्या वेळाने पारावर ठराव झाला, की माहेरी आलेल्या लेकीलाही गाडी द्यावी. एकमताने. इस्माईलने जीप पळवली. कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर अडकलेला सापडला. तिथे सविताला उतरवून जीपमध्ये घेतलं, पण पुढे रस्ता बंदच होता. बायका खाली उतरून बैलगाड्या हाताने बाजूला लोटत होत्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आईला वाचवलं. मुलगा होता. पोटातच गेला होता.

वरातीमागून घोडं म्हणतात, ते इथे जीपच्या रूपाने आलं. इस्माईलने माझ्यासाठी मागवलेला चहा मी घेतला नाही. उदगीरची बस समोर उभी होती, तीही सोडली आणि इस्माईलबरोबर चिंचोळग्याला गेले. जाऊन काय करणार होते, मला माहीत नव्हतं. पण न जाता घरी जाणं जमलं नसतं.

कोंडाबाईच्या दारात गर्दी होती. मला वाटलं, भेटायला आलेली माणसं. मग ती जीप दिसली. इस्माईलची नव्हे, दुसरी. बॉनेटवर ताजं हळदीकुंकू, मागच्या सीटवर ते न फाडलेलं प्लास्टिक. बेलगुंडीची. शरणप्पा अण्णा दारात उभे होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला.

"बाई, तुमी बी आलाव! बरं झालं. आमच्या सुनंला न्ह्यायला गाडी आणलीय. पहिलीच फेरी हाय बघा. तुमी त्या दिवशी बोललाव, तवापास्नं मनात व्हतं, गाडी सुनंच्या कामाला आली पायजे."

आत गंगुबाई आणि कोंडाबाई समोरासमोर बसल्या होत्या. दोघींचे डोळे रडून लाल. कोंडाबाई म्हणत होती, "सव्वा म्हयना तर होऊ द्या. उभं राहिलं की चक्कर येतीया तिला. लेकरू न्हाई म्हणून काय बाळंतीण न्हाई व्हय ती?"

गंगुबाई खाली बघून म्हणाली, "मला कळत न्हाई व्हय इनबाई? पण तूर उभी हाय. एकटीनं कशी कापाव? ल्योक पुण्यास्नं येत न्हाई. लेकरू असतं तर राहिली असती वरीसभर, म्या एक शबूद बोलले नसते."

मी गंगुबाईवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या हातांवर तुरीच्या खुंटांचे ओरखडे होते. मग मी अण्णांना बाहेर घेऊन जाऊन सांगितलं, ही पोर आजारी आहे, तिला आता नेऊ नका. अण्णा म्हणाले, "बाई, गाडीत बसून जायलीय की ती. पायी थोडंच न्ह्यायलाव?" वैजनाथ अप्पाही आले होते. त्यांनी अण्णांना चहा दिला आणि आपल्या गावाने केलेला ठराव सांगितला. अण्णांना तो फार आवडला. आमच्याकडेही असंच करतो म्हणाले. दोघे अध्यक्ष लिंबाखाली एकमेकांच्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज विचारत बसले. मला त्या क्षणी दोघांच्या अंगावर तो चहा ओतावासा वाटला.

सविता स्वतःच बाहेर आली. पायांची सूज उतरली होती आणि चेहराही उतरला होता. कोंडाबाईने तिच्या छातीवर जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळून बांधली होती, तरी दूध यायचं थांबलं नव्हतं. चोळी भिजून पदराला डाग पडला होता. मी म्हटलं, "राहा गं. मी सांगते त्यांना. कोणी जबरदस्ती करू शकत नाही."

"ऱ्हाऊन काय करू बाई? हितं आई रडायलीय, तिथं सासू रडंल. तिथं निदान काम तरी हाय." आईच्या पाया पडून ती जीपमध्ये चढली. न फाडलेलं प्लास्टिक तिच्याखाली करकरलं. गंगुबाई शेजारी बसली आणि तिने सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला.

अण्णा पुढे बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हळू घे रं. खड्डे बघून चालीव. बाळंतीण हाय आपली."

सविता मागून म्हणाली, "आता कामून हळू? न्ह्या की जोरात."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि ती हळूच नेली, खड्डे चुकवत, अगदी जपून. गावाच्या वेशीपर्यंत कोंडाबाई तिच्या मागे चालत होती आणि गाडी इतकी हळू होती की ती मागे पडली नाही.

दुसऱ्या दिवशी उदगीर, लातूर करत मी पुण्याला आले. घरच्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी अंबाडीची भाजी, हुग्गी, चुकलेली बस सांगितली. संस्थेत मात्र सगळं सांगितलं, पहिल्या शब्दापासून. ऐकताना दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षबाईंनी माझा हात धरला. पुढच्या बैठकीत दोन्ही गावांना अनुदान वाढवून मिळालं. कारण असं नोंदलं गेलं की दोन्ही ठिकाणी गाडीचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला आहे आणि लाभार्थी स्त्रीला दोन्ही गावांच्या गाड्यांची सेवा मिळाली आहे. मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एकही शब्द खोटा सापडला नाही.